उसन्या शेळ्यांवर उघडलेला दवाखाना

कालिंबेनीच्या मंगळवारच्या बाजारात सिस्टर मुथेऊ लांबून येताना दिसली, की टोमॅटोवाल्या बायका आपणहून ढिगातले खालचे टोमॅटो वर काढून ठेवत. ती काढायला लावणारच होती. तेवढाच वेळ वाचे. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून घालवलेल्या या बाईचा जगातल्या तीनच गोष्टींवर विश्वास होता: उकळलेलं पाणी, थर्मामीटर आणि स्वतःचे डोळे. त्यातही थर्मामीटर ती दोनदा लावायची.

"ताप किती दिवस आहे?" असं ती विचारायची. पेशंट म्हणायचा, "दोन." ती कागदावर चार लिहायची. "गोळ्या घेतल्या सगळ्या?" "घेतल्या, डाक्तर." मग ती पेशंटला पिशवी उलटी करायला सांगायची, आणि बहुतेक वेळा त्या पिशवीतून मुगाच्या दाण्यांबरोबर निम्म्या गोळ्या बाहेर पडायच्या. अशा अनुभवांवर वाढलेला संशय हा साधा संशय राहत नाही. त्याला हुद्दा मिळतो.

तिचा नवरा क्यालो मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला, पोटाने गोल आणि स्वभावानेही गोल. तो लोकांना सांगायचा, "लग्नात पाद्रीबाबांनी हिला विचारलं, हा नवरा तुला मान्य आहे का? तर हिने आधी माझी खालची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे का म्हणून. मगच हो म्हणाली."

अशा बाईवर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दुसऱ्यांचा विश्वास मिळवायची पाळी आली.

झालं असं, की तिची बदली काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला निघाली. मुथेऊने बदलीचा कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला, आणि खरा आहे म्हटल्यावर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट तपासायचा, औषध द्यायचा नर्सचा परवाना तिने खटपट करून मिळवला होता. कालिंबेनीत स्वतःचा दवाखाना काढायचा, हे तिच्या मनात दहा वर्षं होतं. गावाला दवाखाना नव्हता. सरकारी दवाखाना चौदा किलोमीटरवर, कलवानीला, मधे वाळूची नदी. गरोदर बाई निघाली की मोटरसायकलवर पुढे चालवणारा, मधे बाई, मागे बाईला आवळून धरलेली सासू. तीन माणसं निघायची. कधी कधी चार पोहोचायची.

मक्याच्या गिरणीशेजारी न्झुकी नावाच्या म्हाताऱ्याच्या दोन पक्क्या खोल्या रिकाम्या होत्या. भाडं, पाण्याची टाकी, बेसिन, खाट, लसींसाठी फ्रिज, कचऱ्याचा खड्डा असं सगळं धरून तीन लाख ऐंशी हजार शिलिंग लागणार होते. निवृत्तीची रक्कम नैरोबीतल्या कुठल्या तरी टेबलावर झोपली होती आणि तिला उठवायला कुणी तयार नव्हतं. खोल्या तपासायला पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तपासनीस येणार होता. आणि न्झुकीने सांगून टाकलं होतं, "सहा महिन्यांचं भाडं महिनाअखेर आगाऊ. नाहीतर बिअरवाला उभाच आहे. त्याचाही धंदा आजारी माणसांवरच चालतो, मला काय फरक पडतो?"

म्हणजे हातात बावीस दिवस होते.

ती आधी वोटे शहरात बँकेत गेली. सव्वीस वर्षं सगळी पंचक्रोशी तिला 'डाक्तर' म्हणत होती. ती पैसे मागायला निघाली, आणि त्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवलं की ही नर्स आहे.

"महिन्याला अंदाजे किती लोक आजारी पडतील?" बँकेतल्या पोरसवदा साहेबाने विचारलं.

"कमीत कमी पडावेत अशी माझी इच्छा आहे."

साहेबाने लिहिणं थांबवलं. "मॅडम, अशी इच्छा असेल तर कर्ज कसं देणार?"

"मग खोटं सांगू?"

"तारण काय आहे?"

तारणाला जमीन होती, पण ती अजून सासऱ्यांच्या नावावर. सासरे बारा वर्षांपूर्वी वारले होते. कागदावर मात्र त्यांची तब्येत ठणठणीत होती.

"आणि दवाखान्यात डॉक्टर कोण बसणार?"

"मीच."

"तुम्ही तर नर्स."

मुथेऊने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या आईचं नाव काय रे?"

त्याने सांगितलं.

"कलवानीची ती, चालताना डावीकडे झुकणारी? तुझी नाळ मी कापली आहे. तेव्हा नाही विचारलंस डॉक्टर कुठं आहे म्हणून."

साहेब लाजला, चहाही मागवला. पण नाळ कापल्याचे उपकार अर्जाच्या कोणत्या रकान्यात भरायचे हे काही त्याला सापडलं नाही.

मग नोकरदारांची पतपेढी. तिथे चार जामीनदारांच्या सह्या हव्या होत्या. तिच्याबरोबर काम केलेल्या चौघींना तिने विचारलं. चौघींच्याही उजव्या हाताला त्याच आठवड्यात काहीतरी झालं.

दहा दिवस असे गेले, आणि अकराव्या दिवशी दारात पांढरी गाडी उभी राहिली. गाडीतून मुइंदी उतरला. या भागात त्याची औषधांची पाच दुकानं. त्याच्या बुटांवर धूळ नव्हती; मुथेऊच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती तिथेच. आमच्याकडे धूळ न लागलेले बूट फक्त प्रेताच्या पायात असतात.

"डाक्तर, तुमच्यासारख्या बाईने पैशासाठी दारोदार हिंडायचं?" तो हळहळला. "मी देतो. चार लाख. व्याज नको."

"का?"

"समाजसेवा."

"आणि?"

"आणि काय? औषधं तेवढी माझ्याकडून घ्यायची."

"आणि?"

मुइंदी हसला. "प्रत्येकाला एक इंजेक्शन टोचायचं. लोकांना टोचल्याशिवाय बरं वाटत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे."

"ज्याला गरज नाही त्याला?"

"त्याला छोटं."

क्यालो मास्तर मधे पडला. "अगं, छोटं म्हणतायत ते." चार लाखांचा आकडा ऐकल्यापासून त्याचा चेहरा उजळला होता.

मुइंदीने नमुन्यादाखल आणलेलं खोकं टेबलावर ठेवलं. मुथेऊने बाटली उचलली, तारीख वाचली, आणि अंगठ्याच्या नखाने बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीचा कोपरा उचकटला. खाली दुसरी चिठ्ठी होती. तिच्यावरची तारीख दीड वर्षापूर्वीच उलटून गेली होती.

"छपाईची चूक," मुइंदी म्हणाला.

"पाचही दुकानांत?" असं म्हणून तिने खोकं उचललं, स्वतः गाडीपर्यंत नेलं, सीटवर ठेवलं आणि दार लावलं. जाताना मुइंदी म्हणाला, की कालिंबेनीत बिअरचंच दुकान चालेल. भीती तिलाही तीच होती.

"आता एकच दार राहिलं," मास्तर जेवताना म्हणाला. पुढ्यात मुथोकोई होता, कांडलेला मका आणि चवळी. "बायकांचा गट."

मुथेऊचा घास हातातच राहिला.

गटात बावीस बायका होत्या. नदीत वाळू अडवून तिच्यात पाणी साठवणारा बंधारा त्यांनी दगड डोक्यावर वाहून बांधला होता. सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या, धाग्याच्या टोपल्या विणून विकायच्या, पैसे एका लोखंडी पेटीत टाकायचे, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं. पेटीला तीन कुलुपं, तिन्ही किल्ल्या तीन बायकांकडे, आणि त्या तिघी एकमेकींशी फारशा बोलत नसत. मुद्दामच तशा निवडल्या होत्या. मुथेऊने या गटात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पगारदार बाईला त्याची गरज काय?

पण खरी अडचण वेगळीच होती. बावीसपैकी एकोणीस जणी मुथेऊच्या हाताखाली बाळंत झाल्या होत्या. हाताखाली, आणि जिभेखाली. मुथेऊचा हात हलका होता हे तिचे वैरीही कबूल करत. जीभ मात्र गिरणीच्या जात्यासारखी. कळा देणाऱ्या बाईला ती जे बोलायची ते ऐकून खोलीबाहेरच्या सासवा खूश व्हायच्या; त्यांना जे वर्षभर बोलता येत नव्हतं ते डाक्तर फुकटात बोलत होती.

आणि पेटीची खजिनदार होती किओकोची आई, काटुंगे. बाजारात मुथेऊ टोमॅटो खालून वर काढायची, तर काटुंगे ढीग ज्या पोत्यावर ठेवलाय ते पोतं उचलून बघायची. हिने चोवीस वर्षांपूर्वी कलवानीच्या दवाखान्यात रात्रभर आरडाओरडा केला तेव्हा मुथेऊ म्हणाली होती, "करताना गावाला सांगितलं नव्हतंस, आता का सांगतेस?" आणि वर, "रात्री आला असता तर पोराचं नाव मुतुकू ठेवून मोकळी झाली असतीस. आता उजाडेपर्यंत रेंगाळ, म्हणजे किओको ठेवावं लागेल." पोरगा सकाळीच जन्मला, आणि सकाळी जन्मलेल्याचं नाव आमच्याकडे किओको. गेली चोवीस वर्षं काटुंगे पोराला हाक मारायची, तेव्हा तिला मुथेऊची आठवण व्हायची.

तरी मुथेऊ गेली. काटुंगे अंगणात टोपली विणत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बँकेत गेली होतीस म्हणे."

"गेले होते."

"पतपेढीत?"

"हो."

"मुइंदीची गाडी आली होती."

"मी घालवून दिली."

"का?"

मुथेऊने चिठ्ठीचं सांगितलं. काटुंगेच्या बोटांमधला धागा चालूच होता. "नदी वाहत होती तेव्हा आमच्या काठाला आली नाहीस. आता आटली, तर आमच्या वाळूत खड्डा खणायला आलीस." मग म्हणाली, "गुरुवारी आम्ही तुझ्याकडे चहा प्यायला येऊ."

चहा प्यायला येणं म्हणजे काय, ते कालिंबेनीत शेंबड्या पोरालाही कळतं. कर्ज मागणाऱ्या बाईच्या घरी गटाच्या सात-आठ जणी जातात, चहा पितात, आणि डोळ्यांनी पातेली, कोंबड्या, पाण्याची पिंपं, नवऱ्याची तब्येत, सगळं मोजून घेतात. ज्या घरात काही नाही त्या घरात पैसा टिकणार कसा, असा त्यांचा सरळ हिशोब. आणि मुथेऊच्या घरी ना गाय, ना शेळी. पगारातून तीन पोरं शिकवून झाली होती आणि उरलेला पगार मास्तरच्या पोटावर दिसत होता.

त्या आठवड्यात जो तो तिला सांगायला लागला. काटुंगे तुझ्याबद्दल गिरणीवर विचारत होती. काटुंगे मोटरसायकलवर बसून कलवानीला गेली होती, दवाखान्याच्या शिपायाशी तासभर बोलत होती. मुथेऊचा जीव थाऱ्यावर राहिना. "ही बाई माझं थडगं खणतेय, मास्तर," ती म्हणाली. मास्तर म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी बघतो." हे ऐकून ती खरी काळजीत पडली.

गुरुवारी दुपारी ती चर्चमधून घरी आली, तर अंगणात सात शेळ्या.

"मास्तर, हे काय?"

"वैभव," मास्तर म्हणाला. "मुल्वाकडून आणल्यात, संध्याकाळपर्यंत. माझा विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण मनाने मोठा."

"आत्ताच्या आत्ता परत न्या."

"अगं, त्या बायका येऊन बघतील, मोजतील, जातील. कुणाचं काय नुकसान?"

"ही लंगडतेय."

"सहा म्हणजे गरीब वाटतं. सात बऱ्या दिसतात, म्हणून तीही आणली."

मुथेऊने त्याला आणखी चार शब्द ऐकवले असते. पण लंगड्या शेळीने मागचा पाय उचलून धरला होता, आणि पायाला सूज होती, आणि सूज दिसली की मुथेऊला दुसरं काही दिसत नसे. तिने गुडघे टेकले. खुराच्या वर बाभळीचा बोटभर काटा मोडून आत राहिला होता, भोवती पू. "गरम पाणी आणा. मीठ टाका. धरा हिला नीट, मास्तर, कुस्ती नाही करायची." तिने काटा काढला, पू काढला, धुतलं, पट्टी बांधली. या सगळ्यात अर्धा तास गेला, आणि ती पट्टीची गाठ मारत असतानाच फाटकाशी आवाज आला, "कुणी आहे का घरात?"

आठ बायका होत्या. चहा झाला, उकडलेले मूग झाले. काटुंगे उठली, अंगणात हिंडली, एका शेळीजवळ थांबली आणि तिचा कान दोन बोटांत धरून कुरवाळला.

"छान आहेत. तुझ्याच का?"

मास्तर म्हणाला, "देवाची कृपा."

"मी हिला विचारलं."

मुथेऊने तोंड उघडलं. सव्वीस वर्षांत जिने कुणाचं एक खोटं खपवून घेतलं नव्हतं, तिच्या तोंडून शब्द निघाला: "हो."

काटुंगेने कान सोडला. "बरं," म्हणाली, आणि सगळ्या निघून गेल्या. काही बोलली असती तर बरं, असं मुथेऊला वाटलं. शेळ्या परत पाठवल्या तरी तिला जेवण गेलं नाही. आणि मास्तरने जेव्हा सहज सांगितलं, की मुल्वाचा बाप काटुंगेच्या कुळातला, बहुतेक सख्खा भाऊच तिचा, तेव्हा तर तिने ताट बाजूला सारलं. मास्तरला मुल्वाची सातवीतली गुणपत्रिका पाठ होती. त्याची आत्या कोण, हे त्याला जरा उशिरा आठवलं.

शनिवारी आंब्याखाली सभा भरली. महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते. बावीस बायका पाय पसरून विणत बसल्या होत्या, मधे पेटी. मुथेऊला समोरच्या स्टुलावर बसवलं. आजवर अशा उंच जागेवरून ती इतरांना बघत आली होती. खालून बघणाऱ्या बावीस जोड्या डोळ्यांची तिला सवय नव्हती.

काटुंगेने सुरुवात केली. "शेळ्या कुणाच्या?"

"मुल्वाच्या," मुथेऊ म्हणाली.

"तुला कसं कळलं, की मला कळलं?"

"कान धरलास तेव्हाच कळायला हवं होतं. डाव्या कानाला दोन खाचा."

"माझ्या बापाच्या कुळाची खूण. झोपेतसुद्धा बोटाला लागते. मग हो का म्हणालीस?"

"घाबरले."

"कुणाला?"

"तुला."

आंब्याखाली हसू फुटलं. काटुंगे हसली नाही, पण तिला ते उत्तर आवडलं असावं, कारण तिने धागा जरा सैल सोडला.

"आता आमचं ऐक," मागून एक बाई म्हणाली. "मला तू म्हणाली होतीस, गाईसारखी हंबरू नकोस, गाईला लाज असते."

"मला म्हणाली, तुझ्यापेक्षा तुझ्या पोराला अक्कल जास्त, तो बाहेर यायला बघतोय."

"मला चिमटा काढला होतास."

"तू बेशुद्ध पडत होतीस," मुथेऊ म्हणाली.

"तरी चिमटाच तो."

एकापाठोपाठ एक एकोणीस जणींनी सांगितलं. कुणी काही विसरलं नव्हतं. शेवटी एक तरुण पोरगी म्हणाली, "सरकारी दवाखान्यात शिव्या तरी फुकट होत्या. आता पैसे मोजून खायच्या?"

"आणि ते पैसेही आम्हीच आधी द्यायचे," दुसरी म्हणाली.

मुथेऊने मान खाली घातली. "दिल्या शिव्या," ती म्हणाली. "पाच-पाच बाया, मी एकटी, आणि कंदील एक. बाई शांत पडली की मला वाटायचं ही गेली. ओरडत होती तोवर जिवंत आहे हे कळत होतं. म्हणून मी ओरडायला लावायचे. नंतर सवय झाली. सवयीचा दोष माझाच."

"सगळ्या जगल्या, असं म्हणायचंय तुला?" काटुंगेने विचारलं. "मेलेली बाई तक्रार करायला येत नाही. मी कलवानीला जाऊन विचारून आलेय. सव्वीस वर्षांत तुझ्या हातून एक गेली. तिचं नाव सांग."

"मुंबुआ," मुथेऊ म्हणाली. तिला क्षणभरही लागला नाही. "टेकडीपलीकडच्या मुसाउची बायको. तिसरं बाळंतपण. रक्त थांबेना. गाडी मागवली दुपारी, आली अंधार पडल्यावर. पोरगी जगली. आता ती नववीत आहे. तिच्या वह्या मी घेऊन देते."

 मुथेऊला जाणवलं की कसला तरी आवाज थांबलाय. काटुंगेचे हात थांबले होते. सभेत काटुंगेचे हात थांबलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. तिच्या दिराच्या मयतीतही तिने अर्धी टोपली संपवली होती.

"वह्यांचं शिपायाला माहीत नव्हतं," काटुंगे जरा नाराजीने म्हणाली. चौकशीत काही सुटलं तर तिला खपत नसे. मग तिने धागा पुन्हा उचलला. "आता शेळीचं ऐका. लंगडी शेळी हिने उसनी नेली, ती परत आली तेव्हा चारही पायांवर. मुल्वा म्हणाला, आत्या, आणखी दोन आजारी आहेत, त्याही नेशील का म्हणून विचार. मी आयुष्यात पुष्कळ उसनं दिलं. पातेलं दिलं तर चरा पडून आलं, कुदळ दिली तर दांडा मोडून आली. दिली त्यापेक्षा बरी होऊन परत आलेली वस्तू ही पहिलीच."

"पण शेळीची फी नाही घेतली तिने," किल्लीवाल्या तिघींपैकी एक म्हणाली. "ही अशी धंदा कसा चालवणार? पैसे बुडतील आपले."

"त्याचंही ठरवलंय. दारात रोज आपली एक बाई बसेल. आत किती गेले, पैसे किती आले, ती मोजेल."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही," मुथेऊ म्हणाली.

"नाही."

"मग पैसे का देता?"

काटुंगेने पेटीवर हात ठेवला. "विश्वास असता तर तीन कुलुपं कशाला घातली असती, बाई? ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांनाच आम्ही देतो. अकरा वर्षं एकमेकींनाच देतोय."

 आयुष्यात पहिल्यांदा आपण आपल्या माणसांत आलो आहोत, असं मुथेऊला वाटलं.

"एक अट राहिली," ती तरुण पोरगी म्हणाली. गटाचे नियम होतेच: उशिरा आलं तर दंड, सभेत फोन वाजला तर दंड, दुसरीच्या नवऱ्याची चेष्टा केली तर दुप्पट दंड. "डाक्तर पेशंटला टाकून बोलली, की पन्नास शिलिंग दंड. डबा टेबलावर राहील."

हे बावीस जणींना इतकं आवडलं, की हात वर करून मोजायची गरजच पडली नाही. मुथेऊने मनातल्या मनात स्वतःच्या एका दिवसाच्या बोलण्याचा हिशोब केला. "महिन्याभरात दिवाळं निघेल माझं," ती म्हणाली.

"तर गप्प राहायला शीक," काटुंगे म्हणाली. तीन किल्ल्या आल्या, तीन कुलुपं उघडली. मुथेऊने पैसे दोनदा मोजले. काटुंगेने तिच्या हातातून परत घेऊन तिसऱ्यांदा मोजले, आणि दोघींचाही आकडा एकच आला तेव्हा दोघींनाही जरा चुकल्यासारखं झालं.

न्झुकीला भाडं मिळालं. त्याने प्रत्येक नोट चोळून पाहिली. पाच तारखेला तपासनीस आला, त्याने टाकीच्या नळाला हात लावला, खड्ड्यात डोकावला, फ्रिजचं दार तीनदा उघडलं आणि काहीच चूक सापडली नाही म्हणून निघताना अंमळ खट्टू दिसला. मास्तरने दारावर पाटी रंगवली. 'डाक्तर' लिहू की 'सिस्टर', असं त्याने विचारलं, तेव्हा मुथेऊ म्हणाली, "नर्स लिहा. पुन्हा कुणी पैसे देताना ऐनवेळी आठवायला नको."

पहिल्या सोमवारी दारात मोजायला काटुंगेच बसली. दुपारपर्यंत अकरा पेशंट झाले आणि डबा रिकामाच होता. मुथेऊची जीभ दातांखाली सुजली असावी. एका माणसाने सांगितलं की ताप दोनच दिवसांचा आहे, तर तिने चार लिहिले आणि प्रेमाने हसली. तो माणूस घाबरून लगेच खरं बोलला.

मग काटुंगे स्वतःच आत आली. "डोकं जड आहे जरा."

मुथेऊने दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला. आकडा वर चढून बसला होता.

"कलवानीहून गोळ्या मिळत होत्या ना तुला? रोज घेतेस?"

"घेते की."

"पिशवी बघू."

काटुंगेने पिशवी छातीशी धरली. तिथे ती खजिनदार राहिली नव्हती, साधी पेशंट झाली होती. मुथेऊने पिशवी ओढून घेतली आणि टेबलावर उलटी केली. सिसलचा धागा, सुई, आणि पाकिटात नीट, व्यवस्थित, एकही न फोडलेल्या दोन महिन्यांच्या गोळ्या.

"रंग बदललाय त्यांचा," काटुंगे म्हणाली. "आधी पांढऱ्या होत्या, आता पिवळ्या. मला संशय आला."

मुथेऊने पाकीट उचललं, तारीख पाहिली, चिठ्ठीच्या कोपऱ्याला नख लावून पाहिलं. गोळ्या खऱ्या होत्या. तिने पाकीट काटुंगेच्या पुढ्यात ठेवलं. मग झग्याच्या खिशात हात घातला, पन्नास शिलिंगची नोट काढली, शांतपणे घडी मोडली आणि डब्यात टाकली.

"हे कशाचे?" काटुंगेने विचारलं. "तू तर अजून काहीच बोलली नाहीस."

"आगाऊ," मुथेऊ म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसली.

पुढची दहा मिनिटं गिरणीवर दळायला आलेल्या बायकांनी गिरणी बंद करायला लावली, म्हणजे नीट ऐकू येईल. काटुंगेने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिने एक पिवळी गोळी पाण्याबरोबर गिळली, मुथेऊच्या देखत जीभ बाहेर काढून दाखवली, मग डब्यातली ती नोट बाहेर काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहू लागली.